हळद लागलेलं इंजिन

माझ्या लग्नाच्या सकाळी आमचं गाव दीडशे फूट वर गेलं होतं. कडाक्याची थंडी पडली की ते जातंच, त्यात नवल काही नाही. गिरणीचं डिझेल इंजिन सुरू केलं की त्याच्या दणक्यांनी गाव हळूहळू खाली बसतं आणि एसटी येते. पण त्या दिवशी इंजिन सुरू होईना, आणि वऱ्हाड तर खाली शेतात येऊन उभं राहिलेलं.

गिरणी चालवणाऱ्या आबांचा खांदा निखळल्यापासून गावात हँडल मारणारी मी एकटीच. माझा तिळपापड झाला. स्वतःच्या लग्नातही मीच हँडल मारायचं!

"डिझेल गोठलंय," आबा म्हणाले. "त्यात वर हवा पातळ. याला ठिणगी नसती, पोरी. हवा दाबली की तापती, तिच्यानं डिझेल पेटतं. पण दाबाया हवा तर पाहिजे?"

मी चिंधी पेटवून इंजिनाच्या तोंडाशी धरली. ती विझली. गाव आणखी वीस फूट वर गेलं आणि वऱ्हाड बाहुल्यांएवढं दिसू लागलं. मुहूर्ताला अर्धा तास होता.

"येताय ना?" नवरदेव खालून ओरडले.

"थांबा की जरा!"

बघायला आले होते तेव्हा मी त्यांना एकच विचारलं होतं, मी सासरी गेल्यावर इंजिन कोण सुरू करणार? ते म्हणाले होते, "बघू." त्या 'बघू'नं तीन महिने माझी झोप उडवली होती.

चंद्राकाकू माझ्या अंघोळीचं कढत पाणी घेऊन आल्या. मी हंडा उचलला आणि इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत रिकामा केला.

"अगं, तुझी अंघोळ?"

"आधी याची."

मग पाच सवाष्णींनी इंजिनाला हळद लावली. हात लागले की गाणं येतंच, तेही झालं. इंजिन कोमट झालं.

"आता सगळ्यांनी श्वास धरा," मी म्हणाले. "आहे ती हवा याला."

दोनशे अकरा माणसांनी तोंडं मिटली. कोंबड्यांनीसुद्धा. मी दाब सोडणारा खटका उचलला, हँडल गरगर फिरवलं, चाकाला वेग येताच खटका सोडला. धड्. धड् धड्. काळा धूर निघाला, आणि मला आनंदानं रडू येत होतं, पण रडायला श्वास लागतो म्हणून ते मागे ठेवलं.

गाव खाली उतरू लागलं. आबांचा चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला होता. वऱ्हाडाला नाकडोळे आले, मग मिशा आल्या. गिरणीचा उंबरा नवरदेवांच्या डोक्यापासून हातभर उरला. मी वाकले, आणि आनंदाच्या भरात विसरलेच.

"तुळशीराम, हात द्या!"

नवरीनं लग्नाआधीच नाव घेतलं! अख्खं गाव एकदम खदाखदा हसलं. हसायला दोनशे अकरा जणांनी एकदम श्वास घेतला. इंजिन एकदा ठसकलं आणि बंद पडलं.

गाव उठलं. तुळशीराम एका हातानं उंबऱ्याला लोंबकळत वर आले. त्यांची एक चप्पल सुटून बँडवाल्याच्या ढोलावर पडली, तरी बँड वाजतच राहिला. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"आता?" मी विचारलं.

त्यांनी खाली पाहिलं, मग इंजिनाकडे, मग माझ्याकडे. ते हसत होते.

"हँडल कुठंय?"

मी ते त्यांच्या दुसऱ्या हातात दिलं. त्यांचे पाय अजून शेतावर लोंबकळत होते.