दोन तारांची फुगडी

"हातात हात, अढी घाल, एक सुटलो, दुसरो सांभाळ." धारगळच्या अंगणात फुगडीला उभी राहिली की पद्मावती मावशी हे म्हणायची. मी सात वर्षांची होते. तिची बोटं खोबरेल तेलाची, निसटायची. पण एक हात सुटला तरी दुसरा धरलेला असायचा, मी कधी पडले नाही.

डिचोलीच्या इस्पितळात सर्व्हरमागे वाकले तेव्हा तो आवाज कानाशी आला.

त्या एका सर्व्हरच्या पोटात तीन आभासी मशिनं चालतात: एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, औषधांचा साठा. बाहेर दोन नेटवर्क कार्डं, दोन तारा, आणि त्या जिथे पोचतात ते दोन स्विच. गेल्या चवथीआधीही, गणपतीच्या तोंडावर, हे काम माझ्याकडेच होतं. तेव्हा मी दोन्ही कार्डं सुटीसुटीच ब्रिजमध्ये टाकली. ब्रिज बिचारा भोळा पूल, आलेला निरोप पलीकडे सोडणं एवढंच त्याला ठाऊक. एका तारेने आलेला निरोप दुसरीने बाहेर गेला, स्विचांमधून वळून पुन्हा आत आला, आणि गरगर फिरतच राहिला. दोन तास एकही एक्स-रे हलला नाही. चूक कळताच मी एक तार उपटली आणि गप्प राहिले. त्यातला एक स्विच त्याच सकाळी तुषारने, माझ्यासारख्याच बाहेरून येणाऱ्या कारागिराने, बदलला होता. बोट त्याच्याकडे गेलं. इस्पितळाने त्याला परत बोलावलं नाही. आता तो पेडण्याला कॅमेरे बसवत फिरतो.

या वेळी आधी दोन्ही कार्डांचा बाँड बांधला, दोघांची मिळून एकच जोडणी: एक कामाला, एक राखणीला. मग तो अख्खा बाँड ब्रिजला जोडला. सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता दिला तो ब्रिजला, बाँड कोरा ठेवला. शेवटी तिन्ही मशिनं ब्रिजवर आणली.

"परत बंद पडूचा नाय ना गो?" व्यवस्थापक गोकुळदासबाब दारातूनच विचारत होते.

"तुम्हीच ओढा एक तार."

"खंयची?"

"मनात येईल ती."

सापाची शेपटी धरावी तशी त्यांनी एक तार धरली आणि डोळे मिटून ओढली. पडद्यावर सर्व्हरकडून दर सेकंदाला येणाऱ्या उत्तरांतलं एक गळलं. पुढचं आलं, त्याच्या पुढचंही. एक्स-रेच्या खोलीतून सरस्वती सिस्टरांनी हाक दिली, "फोटो इलो गो."

गोकुळदासबाबांना चेव आला. "आता दुसरी ओढू?"

"आधी पहिली लावा."

ते हसले. वर्षभराच्या कामाच्या कराराचा कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "तुझो हात बरो. त्या तुषाराक परत बोलवलो नाय, तां बरां झालां."

पेन उघडलेलं होतं. मी ते कागदावर आडवं ठेवलं.

"बाब, तुषारचा स्विच चांगला होता. गेल्या चवथीआधी इस्पितळ बंद पाडलं ते मी."