मॅडम लिमची ऱ्होड आयलंड रेड

अंड्यांना हात लावला नाही, एवढाच माझा गुन्हा. श्रावण होता ना! एरवी मी ऑम्लेट चापून खाते, पण श्रावणात अंड्याला शिवायचं नाही म्हणजे नाही, सिंगापूर असो नाहीतर पुणं.

आमच्या घरमालकीण मॅडम लिम खुब्याच्या ऑपरेशनसाठी नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात गेल्या आणि जाताना आपली म्हातारी कोंबडी माझ्या गळ्यात बांधून गेल्या. ऱ्होड आयलंड रेड, अमेरिकेतली जुनी जात. भाजक्या विटेचा रंग, आणि ऐट तर विचारू नका! कैलासवासी मिस्टर लिमच्या कोंबड्यांपैकी ही एकटीच उरलेली. "अंडी रोज उचल हं. नाहीतर त्यांच्यावर बसेल, खाणंपिणं सोडेल. या वयात मरेल ती," मॅडमनी बजावलं होतं. मी नुसती हो हो म्हणाले.

व्हायचं तेच झालं. बाईसाहेब खुराड्यात ठाण मांडून बसल्या. दाणे नकोत, पाणी नको. तुरा पार फिका पडला. माझा नवरा अमेय म्हणाला, "महादेवानं सांगितलं का तुला, कोंबडी मार म्हणून?" असा राग आला त्याचा! कारण बरोबर बोलत होता.

शेवटी श्रावण गेला खड्ड्यात म्हटलं आणि तिच्या पोटाखाली हात घातला. तिनं कडकडून टोचलं. अंडं बाहेर काढलं, तर आतून चिवचिव! आता कसं उचलू? गुपचूप परत ठेवलं. शेजारच्या झाडीतून कुंपणावरून रोज येणाऱ्या रानकोंबड्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि तिथेच फतकल मारून बसले. ड्रॉपरनं पाणी पाजलं, भाताची शितं भरवली. "खा गं बाई, माझ्यासाठी खा." ऑफिसचे कॉलही तिथूनच घेतले.

मॅडम काठी टेकत घरी आल्या, तेव्हा मी रडतरडत सगळं कबूल केलं. "सांगितलं होतं ना तुला!" त्या कडाडल्या. तेवढ्यात पंखाखालून एक पिल्लू बाहेर आलं. पाठीवर काळसर पट्टे, थेट रानकोंबड्याचं.

मॅडम बघतच राहिल्या. मग हसू लागल्या. "माझा नवरा सांगायचा, फार पूर्वी बोटीवरून इकडचा तांबडा मलय कोंबडा अमेरिकेत गेला. तिथल्या शेतकऱ्यांनी तो आपल्या कोंबड्यांत मिसळला, तेव्हा कुठे ही जात झाली. हिनंही नवरा इकडचाच शोधला, लाह!" शेवटी तो खास सिंगापुरी हेल.

कोंबडी लटपटत उठली आणि आपणहून पाण्याकडे गेली. माझा जीव भांड्यात पडला.

मॅडमनी माझा हात घट्ट धरला. "मी हॉस्पिटलात असताना ही मेली, तर माझ्या नवऱ्याचं काहीच उरणार नाही, अशी भीती वाटायची," त्या म्हणाल्या. "म्हणून इतकी वर्षं मी ऑपरेशनच करून घेत नव्हते."