लाखाची चूल

सुगी उरकली, खळी मोकळी झाली आणि उन्हं तापायला लागली की येडशीच्या माणसांना हुतुतूशिवाय दुसरं काही सुचत नसे. तिकडे जगभर लढाई पेटलेली, रॉकेल मिळेना, कापडासाठी हेलपाटे पडत होते. पण स्टेशनासमोरच्या कोंडीरामच्या हॉटेलात जगात एकच लढाई खरी होती. चैत्री पुनवेला येरमाळ्याच्या जत्रेत येडशी आणि येरमाळा यांच्यात हुतुतूचा सामना होई. जिंकणाऱ्या गावाला चांदीचं कडं मिळे आणि ते वर्षभर त्या गावच्या मारुतीच्या हातात राही. येडशीच्या मारुतीचा हात सहा वर्षं मोकळा होता. त्याच्या पाया पडतानाही लोक खाली बघत.

"आपल्याला बार्शीचा शांतलिंग आनायला पायजे," बब्रुवान म्हणाला.

हे बब्रुवानच म्हणाला, म्हणून बाकडी गप्प झाली. संघाचा म्होरक्या तोच. पंधरा वर्षं येडशीची पहिली चढाई त्याची होती. ती दुसऱ्या कुणी केल्याचं पोरांनी पाहिलंच नव्हतं. पण वय पस्तिशीला टेकलं होतं. मागच्या जत्रेत तिसऱ्या चढाईला मधल्या रेघेपासून दोन हातांवर त्याचा दम तुटला, तेव्हा येरमाळ्याच्या बायकासुद्धा हसल्या होत्या.

"कोन शांतलिंग?" कोंडीरामनं विचारलं. त्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. बब्रुवाननं ही गोष्ट पौषापासून किमान वीस वेळा सांगितली होती. पण ती पुन्हा ऐकायला सगळ्यांनाच आवडे.

"बैल घ्याया गेल्तो बार्शीला. स्टेशनावर ही गर्दी! पैज लागलेली. गार्डानं निशान दावलं, इंजिन हाललं, आन् ह्यो गडी हुतुतू म्हनत गाडीच्या संगं पळाया लागला. सिग्नलच्या खांबापस्तोर गेला. मला वाटलं, आता बसंल खाली. छा! खांबाला हात लावला आन् त्याच दमात माघारी! माज्या म्होरं यिऊन हुबा राहिला तरी व्हटातनं हुतुतू चालूच. इंजिन वाफंला थांबतंय, ह्यो थांबत न्हाय!"

"मागल्या टायमाला नुसता खांबापस्तोर गेल्ता," कल्याणप्पा म्हणाले. "माघारी कवा आला?"

सगळे खदाखदा हसले. कल्याणप्पा म्हणजे गावातले किराणा दुकानदार, पन्नाशीचे, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि तागडीत डोळा. चिमूटभर हळदसुद्धा त्यांच्या दुकानात फुकट मिळाली नव्हती. पण हुतुतू म्हटलं की त्यांचंही पागोटं सैल होई.

"बब्रुवानदादा गोष्टीला फोडनी लई घालतो," कोंडीराम म्हणाला.

"येडाईची आन! डोळ्यानं बघितलं म्या," बब्रुवान कळवळून म्हणाला. गेले तीन महिने कुणी आपल्यावर विश्वास ठेवत नाही याचं त्याला हरण्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं.

मग वाद रंगला. लातूरकडचे आडते त्याला शंभर रुपये देत होते म्हणे. शंभर! आणि तेही कलदार, इंग्रजी शिक्क्याचे. निजामाचा हाली रुपया तो हातात धरत नाही म्हणे. रोज तीन शेर दूध पितो, बदाम खातो. कुणी म्हणालं, असला गडी आपल्याला परवडायचा म्हणजे गाव गहाण टाकावं लागेल. कुणी म्हणालं, बार्शी इंग्रजांच्या मुलखात, आपण निजामाच्या. एवढा महागाचा माल आणला तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात पडेल. माणसावर जकात असते का, यावर दोन चहा संपले.

"त्ये सगळं ऱ्हाऊ द्या," कल्याणप्पा म्हणाले. "चुलीचं काय?"

खरी मेख तिथंच होती. जत्रेच्या पंचांचा नियम जुना होता. ज्याची चूल ज्या गावात, तो त्या गावचा. पाडव्याच्या आत गावात चूल पेटलेली पाहिजे, तरच गडी त्या गावाकडून खेळणार. आदल्या दिवशी आणून उभा केलेला भाडोत्री गडी पंच हाकलून देत. म्हणजे नुसता शांतलिंग आणून भागणार नव्हतं. त्याचं घरच आणावं लागणार होतं.

"माज्या दुकानामागं पडवी हाय," कल्याणप्पा अचानक म्हणाले. "आमच्याच जातीचा पोरगा. वरीसभराची ज्वारी आन् एका म्हशीचं दूध मी देतो."

कोंडीरामच्या हातातली किटली तशीच राहिली. कल्याणप्पांच्या तोंडून 'देतो' हा शब्द गावानं पहिल्यांदाच ऐकला होता.

घरी बब्रुवानच्या बायकोनं, धुरपदाबाईनं, त्याला ताट वाढलं, सगळी हकिकत ऐकून घेतली आणि भाकरी मोडत विचारलं, "नऊच गडी खेळत्यात न्हवं?"

"व्हय."

"मग दहावा गडी कुठं हुबा ऱ्हानार?"

हॉटेलातल्या एकानंही हे विचारलं नव्हतं. बब्रुवाननं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "रेघंच्या भाईर," तो म्हणाला.

धुरपदाबाईनं जास्तीची भाकरी तेवढी ताटात टाकली.

पाडव्याला आठ दिवस होते तेव्हा बब्रुवान आणि कल्याणप्पा बार्शीला उतरले. जिनिंगचा हंगाम संपलेला, त्यामुळे गाठी वाहणारा शांतलिंग घरीच होता. बब्रुवाननं त्याला ओळखलं आणि उगाच पागोटं नीट केलं. गडी उंच नव्हता, आडवाही नव्हता. कल्याणप्पांनी त्याला आखूड मापाचं कापड बघावं तसं बघितलं. आवाज तर इतका मऊ, की ते कानामागं हात धरून ऐकत राहिले.

"आई म्हनंल तसं," शांतलिंग एवढंच म्हणाला.

आई, गंगम्मा, चुलीपाशी बसली होती. तिनं ज्वारीचं ऐकलं, म्हशीचं ऐकलं, पडवीचं ऐकलं. मग चुलीवर हात ठेवला.

"ही येत आसंल तर आमी येतो."

"नवी घालून दिऊ की, आई," कल्याणप्पा म्हणाले. "मातीला का तोटा हाय?"

"अप्पा, माज्या सासूनं घातलेली हाय. नवरा ग्येला तवा ह्यो पोरगा चार वर्साचा. मी रानात जायाची, सरपान वलं मिळायचं. ह्यो फुंकनी तोंडाला लावून हितं बसायचा. सकाळ-संध्याकाळ फुंकायचा, जाळ हुईस्तोर श्वास घ्यायचा न्हाई. त्याचा दम हिच्यातनं आलाय."

बब्रुवान गुडघ्यावर बसला. काळी पडलेली, कडेला भेगाळलेली, दोन वितींची मातीची चूल. इंजिनाबरोबर पळणारा तो दम इथून आला होता! देवळात गेल्यासारखे त्याचे हात आपोआप जोडले गेले.

चूल दोन दिवस गार होऊ दिली. मग भोवतीची जमीन पाणी टाकून मऊ केली, खाली फळी सरकवली आणि ती उचलली. गाडीत बब्रुवाननं ती फळीसकट मांडीवर घेतली. हमाल करू दिला नाही, कल्याणप्पांना हात लावू दिला नाही. बार्शीची छोटी गाडी रुळांवरून कमी आणि आडवी जास्त चालते. एका हिसक्यात चुलीचे दोन तुकडे झाले असते आणि गंगम्मा त्याच पावली माघारी गेली असती. वाटेतल्या पांगरी स्टेशनापर्यंत बब्रुवाननं पाय हलवला नाही. मुंग्या आल्या तरी नाही.

पांगरी सुटली. गंगम्मा पेंगत होती, कल्याणप्पा घोरत होते, शांतलिंग खिडकीतून बालाघाटाचे डोंगर बघत होता. बब्रुवाननं खाली बघितलं. चुलीचं तोंड त्याच्या तोंडापाशी होतं. आपण काय करतोय हे त्याचं त्यालाच कळायच्या आत तो वाकला, डोळे मिटले आणि छाती भरून चुलीत फुंकर घातली.

कोपऱ्यात साचलेली सगळी राख त्याच्या तोंडावर आली. खोकल्यानं जीव जायची पाळी आली, पण चूल हलू नये म्हणून धड खोकताही येईना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते सगळंच राखेचं नव्हतं.

शांतलिंग वळला. त्यानं सगळं पाहिलं होतं. तो हसला नाही. आपल्या धोतराचा सोगा पाण्यात भिजवला आणि थोरल्या भावाचं पुसावं तसं बब्रुवानचं तोंड पुसलं.

येडशीला नाक्याचा जमादार उभाच होता. "ये क्या है?"

"चूल, साहेब," कल्याणप्पा डोळे चोळत म्हणाले.

"कीमत?"

"मातीची हाय. फुटक्या कवडीची न्हाय," कल्याणप्पा म्हणाले, आणि ते अगदी शहाणपणाचं उत्तर होतं.

पण बब्रुवानला ते सहन झालं नाही. एवढ्या वाटेनं मांडीवर घेऊन आलेल्या चुलीला कवडीची म्हणायचं? "काय बोलता, अप्पा? साहेब, लाख रुपयांची हाय ही!"

कल्याणप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. जमादारानं वही उघडली. लाखावर करोडगिरी पाच हजार रुपये! भरा आणि न्या. कोंडीरामचं सगळं हॉटेल फलाटावर जमलं. कल्याणप्पा हातापाया पडू लागले, हा माणूस खुळा आहे म्हणू लागले. जमादार हटेना, हसावं की रागवावं हे त्यालाही कळत नव्हतं. शेवटी गंगम्मा पुढं झाली.

"बाबा, माती चार आन्याची हाय," ती म्हणाली. "पर तुज्या आईची चूल तू कितीची लिव्हशील, तेवढी लिव्ह."

जमादारानं एकवार चुलीकडं बघितलं. मग त्यानं वही मिटली. "ले जाव, अम्मा," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

पाडव्याला कल्याणप्पांच्या पडवीत ती चूल पेटली. पंचांच्या माणसानं येऊन धूर बघितला.

चैत्री पुनवेला येरमाळ्यात माणूस मावत नव्हता. पंचांपुढं नऊ नावं सांगायची ती म्होरक्यानं. सकाळी सवयीनं बब्रुवाननं धोतराखाली लंगोट कसला होता. तो आता कमरेला काचत होता. त्यानं आठ नावं घेतली. गावातली माणसं त्याच्याकडं बघेनात, कुणी जमिनीकडं, कुणी आभाळाकडं.

"आन् पैली चढाई, शांतलिंग," तो म्हणाला आणि रेघेच्या बाहेर जाऊन उभा राहिला.

सामना काही सरळ झाला नाही. येरमाळ्याचे गडी बेरकी होते. शांतलिंग मारून यायचा, तर मागं येडशीचे दोन मरायचे. उन्हं कलली तेव्हा येडशीकडं एकटा शांतलिंग उरला आणि समोर पाच. पंच म्हणाले, शेवटची चढाई.

शांतलिंगनं रेघेला हात लावला, मातीला नमस्कार केला आणि दम भरला. बाहेर उभ्या बब्रुवाननंही नकळत दम भरला.

हुतुतूतूतू... पहिल्याला पायानं शिवला, दुसऱ्याला हातानं, आणि वळला तोच पाचीजण अंगावर आले. गडी आडवा झाला. पाच जणांचा ढीग वर. येरमाळ्याचे लोक टोप्या उडवायला लागले.

बब्रुवानचा दम तुटला. त्यानं दुसरा घेतला.

मग टोप्या उडवायच्या थांबल्या. ढिगाखालून आवाज येतच होता. मऊ, बारीक, चुलीत जाळ धरताना येतो तसा. हजारो माणसं गप्प झाली. पाळण्यावाल्यानं पाळणा थांबवला. त्या एवढ्या जत्रेत फक्त एक आवाज उरला, हुतुतूतूतू, आणि तो ढीग हलायला लागला. बोटभर. दोन बोटं. वीतभर.

बब्रुवानचा दुसरा दम तुटला. त्यानं तिसरा घेतला. मुठी आवळल्या होत्या, अंगाला काटा आला होता. आपण रेघेच्या बाहेर आहोत हे तो पार विसरला होता. तिसरा दमही तुटला आणि तो नुसता बघत राहिला. ढिगाखालून एक हात बाहेर आला, धुळीत माखलेला. बोटं ताणली गेली. मधलं बोट रेघेला लागलं. त्यानंतरही दोन क्षण तो आवाज चालूच होता. बहुतेक शांतलिंगला कळलंच नसावं.

पाचही गडी मेले होते. येरमाळ्याच्या लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

कल्याणप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पट्ट्यांची विभूती पार गालावर आली होती. गर्दीतून वाट काढत ते बब्रुवानपाशी आले आणि त्याचा दंड धरला.

"बब्रुवान," ते म्हणाले, "आमी तुला फेकाड्या म्हनलो. तू तर लेका, कमीच सांगितलं हुतंस."

बब्रुवाननं मान हलवली. पोरं शांतलिंगला खांद्यावर घेत होती, कुणीतरी चांदीचं कडं उंच धरलं होतं.

"काय करू, अप्पा," तो म्हणाला, "सांगताना माजा दम पुरला न्हाय."