एएम म्हणजे दुपारच्या आधी

तेलंगणात जगित्यालजवळच्या त्या गावात परदेशी जाणाऱ्याचं तिकीट आधी भूमय्याकडे येई. भूमय्यानं अकरा वर्षं मस्कतला गोदामात रात्रपाळी केली होती, त्यामुळे इंग्रजीतली तारीख-वेळ वाचणं त्याच्या हातचा मळ. गुडघा गेला तसा मालकानं त्याला परत पाठवलं. तो आला त्याच आठवड्यात एका लग्नाच्या पंगतीत त्याच्याच आळीतला गंगाराम सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आमचा अण्णा तिकडं नोकरी करायला गेला, आणि एक पाय तिकडंच ठेवून आला!" पंगत खदाखदा हसली. भूमय्याची बायकोसुद्धा पदराआड हसली. त्याला तेच जास्त लागलं.

दोन वर्षांनी तोच गंगाराम तिकीट घेऊन दारात आला. त्यालाही मस्कतचीच नोकरी लागली होती.

"अण्णा, चौदा तारीख आहे, एवढं कळलं. बारा पंचवीस, पुढं एएम. एएम म्हणजे दुपारच्या आधी, असं पोरगी म्हणते. म्हणजे दिवसाचंच ना?"

भूमय्यानं कागद हातात घेतला. बारा पंचवीस एएम. म्हणजे तेराची संध्याकाळ सरून रात्र मध्यावर आली, की विमान सुटणार. हे त्यानं शंभर जणांना समजावलं असेल. त्यानं कागदाची घडी घातली.

"हो," तो म्हणाला. "दिवसाचंच."

खोटं बोलायचं असं काही त्यानं ठरवलं नव्हतं. पण 'हो' म्हणताच छातीत गार वाटलं.

तेराला दुपारी गंगारामनं बोकड कापला. सगळी आळी जेवायला होती. भूमय्या पंगतीत पहिला बसला. अजून वेळ होता. आत्ता गाडी काढली असती, तर अंधार पडायला विमानतळावर पोचले असते. गंगारामची बायको लच्चव्वा वाढायला आली. "अण्णा, आणखी घ्या ना!" त्यानं ताट पुढं केलं.

चौदाला पहाटे जीप निघाली. भूमय्या मुद्दाम बरोबर गेला, पुढच्या सीटवर बसला. मागं लच्चव्वा चिंचभाताचा डबा मांडीवर घेऊन होती. नऊ वाजता शमशाबादच्या विमानतळावर पोचले. दारावरच्या शिपायानं तिकीट पाहिलं, घड्याळ पाहिलं.

"हे विमान तर रात्रीच गेलं. एव्हाना पोचलंसुद्धा असेल."

"साहेब, नीट बघा. एएम आहे."

"रात्री बारानंतर एएमच असतं, बाबा. व्हा बाजूला."

गंगारामनं बॅग खाली ठेवली, मग परत उचलली, परत ठेवली. भूमय्या त्याच्या तोंडाकडं बघत होता. इतक्या लांब तो त्यासाठीच आला होता. पण गंगाराम वळला, तो डोळे पुसत म्हणाला, "अण्णा, माझ्या अडाणीपणापायी तुझीही फरफट झाली. गुडघा दुखत असेल ना?"

ती नोकरी दुसऱ्याला गेली. गाव गंगारामला 'एएम' म्हणून हाक मारू लागलं; पोरं गल्लीतून ओरडत, "ए एएम, किती वाजले?"

आठ दिवसांनी लच्चव्वा भूमय्याच्या ओट्यापाशी आली. बसली नाही.

"अकरा वर्षं रात्रपाळी केलीत ना अण्णा? रोज रात्री बारा एएमला जेवणाची सुट्टी व्हायची, असं तुम्हीच सांगायचात."

भूमय्या गुडघा चोळू लागला.

"तेराला माझ्या हातचं जेवलात. दोनदा वाढलं मी तुम्हाला."

"चूक झाली, लच्चव्वा. वय झालं."

"चूक नाही झाली." तिचा आवाज चढला नाही. "त्याला मी सांगणार नाही. सांगितलं तर तो कोयता घेऊन येईल आणि माझी पोरं उघडी पडतील. तो तुम्हाला देवमाणूस म्हणतो. म्हणू दे."

ती गेली. संध्याकाळी गंगाराम ताडीचं मडकं घेऊन आला, आधी भूमय्याचा पेला भरला आणि म्हणाला, "गावात एक तूच मला हसत नाहीस, अण्णा."

भूमय्यानं पेला उचलला आणि पिऊन टाकला.