शिंगे असलेले अंतराळयान

मित्रांनो, माझ्या पायांखाली खूर नाहीत, चाके आहेत. पाठीवर मखमलीची विटलेली झूल आहे. मी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, एक जुना लाकडी बैल आहे, आणि आता मी अंतराळातून फिरतो. हे कसे घडले, ते सांगतो.

माझा जन्म नागपूरच्या लकडगंजमधला. देवराव नावाच्या सुताराने सागवानाच्या एका तुकड्यातून मला कोरले. शिंगे त्याने शेवटी केली. ती घासताना तो मधूनमधून फुंकर मारायचा आणि भुसा उडून उन्हात तरंगायचा. जगातली मी पाहिलेली पहिली गोष्ट म्हणजे तो तरंगणारा भुसा.

हुडकेश्वरच्या जितेंद्रसाठी मला विकत घेतले गेले. तेव्हा तो लहान होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो मला सजवायचा आणि दोरीने ओढत दारोदार न्यायचा. घरातल्या बाया माझ्या कपाळाला कुंकू लावत आणि जितेंद्रच्या हातावर खाऊ किंवा नाणे ठेवत. आमच्या नागपुरात त्याला बोजारा म्हणतात. एका वर्षी सजावटीचे पहिले बक्षीस मला मिळाले. लोक म्हणाले, "काय डौल आहे नंदीचा!" त्या शब्दांवर मी पुढची कितीतरी वर्षे काढली.

पुढे जितेंद्रची मुलगी रितिका मला ओढू लागली. मग तीही मोठी झाली. माझी जागा कपाटावर गेली, कूलरच्या जुन्या पंपाशेजारी. तिथे धूळ हळूहळू येते, अंगावर झोप उतरावी तशी. मी जागा होतो की झोपलेलो, हे मला आता सांगता येणार नाही.

यंदा गणपतीच्या आधीच्या रविवारी रितिकाने मला खाली उतरवले. शेजारचा केयूर तिच्यासोबत होता. तो नववीत आहे. दोघे मिळून टेबलावर खेळायची एक लढाई तयार करत होते: माणसे आणि परग्रहवासी यांची. गणपतीत कॉलनीतली मुले ती खेळणार होती. टेबलावर काळी चादर होती. तिच्यावर चिमटीने सोडलेल्या रांगोळीचे तारे होते. पेनांची टोपणे ही माणसांची जहाजे. निळी झाकणी म्हणजे पृथ्वी. परग्रहवाल्यांचे मोठे जहाज तेवढे नव्हते. रितिकाने मला चादरीवर ठेवले आणि माझ्या चाकांखालची जमीन नाहीशी झाली. खाली काळोख, भोवती पांढरे कण. मला लकडगंजचा भुसाच आठवला.

पण लढाई जमत नव्हती. मी जड, म्हणून नियमाप्रमाणे मी हळू चालायचो. टोपणे मला घेरायची, फासा पडायचा, माझ्या पाठीवर बटणे ठेवली जायची. एक बटण म्हणजे एक क्षेपणास्त्र. पाच बटणे झाली की माझा नाश. प्रत्येक डाव माणसेच जिंकत होती.

"याच्यात मजाच नाही," केयूर म्हणाला. "परग्रहवाले कधी जिंकूच नाही शकत, तं खेळन कोण? याची शिंगं आन् चाकं कापू. चपटं, हलकं जहाज करू. मग जोरात पळवता येते."

"काहून कापतं? बाबाचा आहे तो."

रितिकाने आत बाबांना विचारले. जितेंद्र फोनवर होता. "तुमचाच आहे, करा काय करायचं ते," एवढेच तो म्हणाला. मित्रांनो, ते वाक्य करवतीपेक्षा जास्त लागले.

केयूरने घरून करवत आणली. शिंगांच्या मुळाशी पेन्सिलीने रेघ ओढली. रितिकाने त्याचा हात धरला.

"एक डाव अजून. जसा आहे तसाच खेळू. हरला तं काप."

"अन् जिंकला तं?"

"तं करवत घरी घेऊन जायची. अन् पृथ्वी तू नको खेळू. जहाजं बी तूच खेळतं अन् पृथ्वी बी तूच, मग जिंकशीनच न बे!"

म्हणून केयूरने आईला हाक मारली. शोभाताई शेजारून मेथीची जुडी घेऊनच आल्या आणि निवडत निवडत पृथ्वीमागे बसल्या. "मले काय करा लागते, सांग बापा."

"हे बटण घे. जहाज झाकणीजवळ आलं की त्याच्यावर ठेव. बस."

"अन् नाही ठेवलं तं?"

"तं पृथ्वी गेली. ते जिंकले."

डाव सुरू झाला. रितिका मला सरकवत होती, अगदी हळू. टोपणांनी मला गाठले. एक बटण, दोन, तीन, चार. मी तरीही सरकत राहिलो. तारे माझ्या चाकांखाली पुसले जात होते. शेवटी माझे तोंड निळ्या झाकणीला टेकले. आता एकच बटण बाकी होते आणि ते शोभाताईंच्या हातात होते. रितिकाने डोळे मिटले.

शोभाताईंनी मेथी बाजूला ठेवली. उठल्या. आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या कुंकवाची डबी आणि गुळाचा खडा घेऊन. माझ्या कपाळाला त्यांनी बोट लावले आणि खडा माझ्यासमोर ठेवला.

"आई वं! काय करून राहिली? बटण ठेव न!"

"दारात नंदी आला अन् त्याले बटण मारू? डोकं फिरलं काय तुह्यं?"

"शत्रूचं जहाज आहे ते!"

"असन. पण त्यानं सांगतलं काय, मी शत्रू आहो म्हणून? मघापासून तूच सांगून राहिला."

रितिका हसत सुटली आणि मध्येच थांबली. "केयूर, आपण ते येऊन राहिलं एवढंच लिहिलं. काहून येऊन राहिलं, हे कुठं लिहिलं?"

केयूरने माझ्या कपाळावरचे कुंकू पाहिले, मग पाठीवरची चार बटणे मोजली. बटण ठेवले गेले नव्हते. नियम त्याचाच होता. "जिंकलं हे," तो पुटपुटला. मग त्याने रबर घेऊन शिंगांवरची रेघ खोडली. पुरती गेली नाही, आजही दिसते.

त्याच दिवशी दोघांनी लढाई नव्याने आखली. आता खेळाच्या आधी परग्रहवाला माझ्या झुलीखाली गुपचूप एक बटण लपवतो. लाल म्हणजे हल्ला. पांढरे म्हणजे बोजारा मागायला आलेला पाहुणा. मी पृथ्वीपाशी पोहोचलो की बटण टाकायचे की गूळ द्यायचा, हे माणसांनी ओळखायचे. पाहुण्यावर क्षेपणास्त्र टाकले की माणसे हरतात. हल्लेखोराला गूळ दिला तरी हरतात. गणपतीत मुलांनी हा खेळ इतका खेळला की चादरीवरचे तारे पुन्हा पुन्हा काढावे लागले. एका संध्याकाळी जितेंद्रही येऊन बसला. त्याने मला सरकवले नाही. माझ्या चाकांना तेल दिले.

मित्रांनो, तुमच्या कपाटावरही कोणीतरी धुळीत पडून असेल. त्याला कापायचे, विकायचे की फेकायचे, हे ठरवण्याआधी त्याला एकदा खाली उतरवा. पुसा. आणि ते तुमच्याकडे कशासाठी आले होते, ते आठवून पाहा.

आता मला थांबायला हवे. डाव सुरू आहे. मी पृथ्वीपाशी पोहोचलो आहे. समोर एका मुलीच्या एका हातात बटण आहे, दुसऱ्यात गूळ. माझ्या झुलीखाली काय आहे ते मला ठाऊक आहे, पण मी सांगू शकत नाही. ती माझ्या डोळ्यांत पाहते आहे.