सासरची वाटी

मंगळसूत्र गाठवायला बाई आली की मी आधी तिच्या गळ्यात काळा दोरा बांधते आणि मगच तिचं काढून हातात घेते. मोकळ्या गळ्याने कुणी माझ्या दुकानात बसलेलं मला चालत नाही. काही जणी हसतात, म्हणतात, "अहो, दहा मिनिटांचं तर काम!" दहा मिनिटांचं असो नाहीतर दोन, दुकान माझं आहे. दोरा झिजून तुटला असला तरी 'तुटलं' म्हणायचं नाही, 'वाढलं' म्हणायचं, हेही माझ्याकडे पहिल्यापासून. लोक मला खडूस म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही. इतकी नियमाची बाई मी, आणि तरी माझ्या हातून जे झालं ते झालं.

त्या दुपारी वहिनी आली. माझ्या धाकट्या भावाची बायको. पायरीवर चपला काढून आत येऊन बसली, पाणी नको म्हणाली. मी सवयीने काळ्या दोऱ्याचं रीळ ओढलं.

"तो नको, ताई," ती म्हणाली. "आज परत घालायचं नाहीये."

मला कळलं. दुसऱ्या दिवशी कोर्ट होतं.

धाकटा सात वर्षांपूर्वी कामावर म्हणून डबा घेऊन गेला तो परत आला नाही. पोलीस झाले, फोटो झाले, दवाखाने झाले. वहिनीची राहती खोली त्याच्या नावावर. आता ती इमारत पाडून नवी बांधणार होते, आणि एकतर त्याची सही हवी, नाहीतर तो गेल्याचा दाखला. दोन्ही नसेल तर वहिनीला नव्या इमारतीत जागा नाही. सात वर्षं जवळच्या माणसांना काहीच खबर नसेल तर कोर्ट माणसाला मेलेला धरतं म्हणे. जवळचं माणूस म्हणजे बायको आणि सख्खी बहीण. बायकोचं सांगून झालं होतं. उद्या मी सांगायचं होतं.

"वकील म्हणाले, गळ्यात हे घालून उभ्या राहिलात तर साहेब विचारतील, तुमचाच विश्वास नाही का बाई?" वहिनी म्हणाली. "घरी काढायचा प्रयत्न केला. हात वर जाईना. तुम्हीच बांधलंय दरवर्षी, तुम्हीच सोडा."

दरवर्षी मीच बांधलं होतं. रेशीम विटलं की ती यायची आणि मी नवीन घालून द्यायचे. दोन पदर, काळे मणी, मधे दोन वाट्या. एक वाटी बाईच्या माहेरची, एक सासरची. आमच्या घरच्या वाटीच्या कडेला तीन बारीक दाणे असतात, एकाच सोनाराच्या ठशातले. आईच्या गळ्यातही तशीच होती. आई गेली तेव्हा तिची माहेरची वाटी मला आली आणि ती तीन दाण्यांची नातीसाठी राहिली, म्हणजे वहिनीच्या मुलीसाठी. आमच्या ठमीसाठी.

मी वहिनीच्या मागे जाऊन बसले. गाठ मानेवर असते. मी ती कधी कापत नाही, सुईच्या टोकाने सैल करते. सुई लावली आणि माझा हात थांबला.

"काय झालं?" तिने मान न वळवता विचारलं.

"वहिनी, तो जिवंत आहे," मी म्हणाले. "म्हणजे तेव्हा होता."

ती वळली नाही. मला तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच बहुतेक मी बोलू शकले. पाठीशी बोलणं सोपं असतं.

तो गेल्यानंतर वर्षभराने, अशाच एका दुपारी, तो दुकानात आला होता. दाढी वाढलेली, अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी शर्ट. दुसऱ्या गावात एका बाईबरोबर राहतो म्हणाला. तिला दिवस गेलेत म्हणाला. तिच्या घरच्यांनी तोंड फिरवलं, गळ्यात काही नाही, लोक नाही नाही ते बोलतात. "ताई, तू गाठवून दे. आईची वाटी घाल त्यात. घरचं काहीतरी असू दे." मी त्याच्या थोबाडीत मारली. तो लहानपणी रडायचा तसाच रडला, नाक पुसत. आई कामावर जायची तेव्हा त्याला मीच वाढवलेला. ज्या हाताने मारलं त्याच हाताने मी सुई उचलली.

"आईची वाटी तुझ्याकडे कुठे होती?" वहिनीने विचारलं. इतकी वर्षं 'तुम्ही' म्हणणारी बाई.

"कड चेपली होती. तू नीट करायला दिली होतीस."

यानंतर मला काही सांगावंच लागलं नाही. तिने स्वतःच जोडलं. त्याच आठवड्यात तिचं मंगळसूत्रही माझ्याकडे होतं, नवीन रेशीम घालायला; गळ्यात काळा दोरा बांधून घेऊन ती ठेवून गेली होती. ठमी न्यायला आली, सतरा वर्षांची, कॉलेजची बॅग पाठीला. मी पुडी बांधून दिली. घरी पुडी उघडली तर मंगळसूत्र होतं, आईची वाटी नव्हती. वहिनी पोरीला घेऊन धावत आली. आणि मी, या दोन डोळ्यांनी पोरीकडे बघत म्हणाले, "मी तर पुडीत घातली होती. आठव बाई नीट, वाटेत कुठे थांबली होतीस का?"

थांबली होती. मैत्रिणीबरोबर सरबत प्यायला. संपलंच मग. वहिनीने तिला रस्ताभर खाली मान घालून शोधायला लावलं. दुसऱ्या दिवशी मारलं. नवरा गेलेला, त्यात हे, बाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तिने विकली का, कुणाला दिली का, इथपर्यंत विचारून झालं. ठमी बारावी झाली आणि लांबच्या शहरात शिकायला गेली. आता तिथेच नोकरी करते. फोन करते, पण तब्येत बरी ना, एवढंच विचारायला.

रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. मग वहिनीने विचारलं, "त्या बाईला किती पदर घातले?"

"दोन."

"माझ्यासारखेच."

"हाताला तेच येतं गं."

"सोडा गाठ," ती म्हणाली. परत 'तुम्ही' झालं होतं.

मी गाठ सोडली. मणी ओघळू दिले नाहीत, सगळे ताटलीत उतरवले. दोन्ही वाट्या तिच्या तळहातावर ठेवल्या. तिने माहेरची पदराच्या टोकाला बांधली आणि सासरची माझ्या ताटलीत परत टाकली. केवढासा आवाज झाला, पण मला तो अजून ऐकू येतो.

"उद्या कोर्टात काय सांगायचं ते ठरलंय," ती म्हणाली. "त्यात एक शब्द बदलू नका. तो मेलाय. तुमच्या तोंडून मेला पाहिजे. आणि तिथून बाहेर आल्या आल्या ठमीला फोन करायचा. माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी मला शपथ दिली. साहेब चष्मा पुसत होते. "सात वर्षांत भावाची काही खबर? पत्र, फोन, कुणाकरवी निरोप?"

"नाही," मी म्हणाले.

"भेट?"

मी समोर बघितलं. वहिनी बाकावर बसली होती. गळा मोकळा, त्यावर मण्यांनी पडलेला फिकट पट्टा. तिचा हात सवयीने तिथे गेला, काही सापडलं नाही म्हणून खाली आला.

"नाही," मी म्हणाले. भाऊ मेला. दोन शब्दांत मारला मी त्याला, आणि खरं सांगते, मला त्याचं काही वाटलं नाही. माझं सगळं लक्ष फोनकडे होतं.

बाहेर जिन्याखाली आम्ही उभ्या राहिलो. वहिनीने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

"हां आई, झालं का कोर्ट?"

"मी आत्या बोलतेय," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. न थांबता, नाहीतर थांबलेच असते. पलीकडे ऑफिसातला गलका होता. मग दार लागल्यासारखा आवाज झाला आणि गलका बंद झाला.

"म्हणजे पुडीत नव्हतीच?" ठमीने विचारलं.

"नव्हती."

"आत्या, मला खरंच वाटायला लागलं होतं गं, की माझ्याच हातून पडली. मला ती पडल्याचं आठवायचंसुद्धा. सरबताच्या गाडीपाशी. आवाजही आठवायचा."

वहिनीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"ठमे, चुकलं गं माझं," ती म्हणत होती. "चुकलं. ऐकतेस ना? माझंच चुकलं."