बुधवारचे मासे

कोकणातला माणूस कुठेही जाऊन राहिला तरी समुद्र त्याला सोडत नाही, असं सहदेव परबांचं ठाम मत होतं. हे मत ते घाटकोपरला, अकराव्या मजल्यावर, शुद्ध शाकाहारी सोसायटीत राहून बाळगून होते.

फ्लॅट मुलाने घेतला. नितेशने आधी बापाला तिथे आणून बसवलं आणि मग स्वतः बदली घेऊन बंगळुरूला गेला. परबांची बायको त्याही आधी गेली होती, बंगळुरूहून बरीच लांब. एकदा परबांनी खिडक्या लावून, दाराच्या फटीत टॉवेल कोंबून दोन सुके बोंबील भाजले, तर कमिटीचे तिघे दारात हजर! "अंकल, काही जळतंय का?" त्या महिन्यात दाराची बेल वाजली ती तेवढीच.

तेव्हापासून दर बुधवारी परब इस्त्रीचा शर्ट घालून जवळच्या कॉलेजचं जीवशास्त्राचं म्युझियम बघायला जात. म्युझियम म्हणजे एक लांबट खोली. दाराशी भुसा भरलेला बिबट्या. त्याचा एक डोळा गळून पडल्यावर कुणीतरी तिथे शर्टाचं बटण बसवलं होतं. पुढे घुबडं, आणि शेवटच्या भिंतीला बरण्यांमधले मासे. बुधवारी ते सगळ्या लोकांना खुलं असे. सगळे लोक म्हणजे परब.

सुरमईच्या बरणीवर तिचं शास्त्रीय नाव लिहिलेलं होतं. ते म्हणून होईपर्यंत कालवण उकळून जाईल, असं परबांना दर वेळी वाटे.

"ओ परब, बरणी काय हलवताय?" बरण्या पुसणाऱ्या माणिकबाई ओरडल्या. म्युझियमची देखभाल त्यांच्याकडे होती.

"कल्ले बघतंय."

"माझ्या लग्नाआधीपासून आहे तो मासा तिथे. ताजा आहे का बघताय?"

"सवय हो. कल्ले न बघता मासा घरी नेला तर आमची ही दारातूनच परत पाठवायची."

माणिकबाई हसल्या. मग फडकं पिळत म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी हेलपाटा घालू नका हां. इथे कम्प्युटर लॅब होतेय. ही सगळी वरात तळघरात जाणार."

एक वाक्य परब कित्येक महिने घरी आरशासमोर घोकत होते आणि दर वेळी पुढच्या बुधवारवर ढकलत होते. आता पुढचा बुधवारच उरला नव्हता. त्यांनी ते सुरमईकडे बघत म्हणून टाकलं.

"माणिकबाई, स्टेशनाकडे एक मालवणी खानावळ आहे. आज याल का जेवायला? मी गेलो होतो एकदा, पण तसाच उठून आलो. एकट्याने मासा खाऊ नये. काटा घशात अडकला तर पाठीत धपका घालायला कोणीतरी लागतं ना! तिथला वेटर काही धपका घालणाऱ्यातला दिसेना."

माणिकबाईंचं फडकं थांबलं.

"परब, मी मासे कधीच सोडले. दिवसभर ह्या बरण्यांत. घरी कोणी नुसतं पापलेट म्हटलं तरी नाकात औषधाचा वास भरतो."

घुबडं दोघांकडे बघत राहिली. आणि मग परबांच्या घराण्यात आजवर कुणीही केलं नसेल असं काहीतरी सहदेव परबांनी केलं.

"मग डोसा खाऊ," ते म्हणाले. बुधवारी!

माणिकबाईंनी खरोखर विचार केला. "पण डोशात कुठे काटा असतो?" त्या समजुतीने म्हणाल्या. "तो तुम्ही एकटेसुद्धा खाऊ शकाल की."

मुद्दा बिनतोड होता. परबांनी शर्टाची बाही उगाच सारखी केली. "येतो," ते सवयीने म्हणाले आणि दाराकडे निघाले.

"परब, थांबा जरा!"

ते इतक्या झटकन वळले की कोपर बिबट्याला लागलं.

"जाता जाता तेवढी वरची खिडकी लावता का? माझा हात पोचत नाही."